दोन्ही शाळांत प्रवेश मिळालाय, आता कोणती घ्यायची?

प्रवेश मिळेपर्यंत सगळं सोपं असतं. परीक्षा, मुलाखत, शिफारसपत्रं, वाट पाहणं. धावपळ खूप, पण दिशा एकच. मग एकाच आठवड्यात दोन पत्रं येतात, दोन्हींत अभिनंदन असतं आणि घरातलं सगळं बोलणं तिथेच अडकतं. दोन्ही शाळा नावाजलेल्या, खासगी, चार वर्षांच्या हायस्कूलच्या. दोन्हींचे निकाल उत्तम, प्रयोगशाळा चकचकीत, माजी विद्यार्थी भरभरून बोलणारे. चांगली आणि वाईट यांतून निवडायला कुणाला सल्ला लागत नाही. चांगली आणि चांगली यांत मात्र भलेभले गोंधळतात आणि शेवटी नावाकडे, ओळखीच्यांच्या मताकडे किंवा इमारतीकडे बघून कौल देतात.

आमच्या मुलीच्या वेळी पहिले काही दिवस आम्हीही हेच केलं. ‘कोणती शाळा जास्त चांगली?’ हे इतक्या लोकांना विचारलं की उत्तरांचा ढीग झाला आणि निर्णय होता तिथेच राहिला. प्रश्नच चुकला होता. चुरशीच्या शाळेत शिरणारं जवळजवळ प्रत्येक मूल आधीच्या वर्गात पुढच्या काही नंबरांत असतं. अशी सगळी मुलं एका वर्गात बसली की त्यांतली निम्मी मधल्या रेषेच्या खाली जाणारच. यात कुणाचा आळस नाही की कुणाचा दोष नाही, साधा हिशेब आहे. म्हणून विचारायचं ते असं: माझं मूल इथे मधलं ठरलं, किंवा मधल्याच्याही खाली गेलं, तर या दोन्हींपैकी कोणती शाळा त्याला नीट शिकवेल? पहिल्या येणाऱ्यांचं दोन्हीकडे छानच चाललेलं असतं.

खालच्या सगळ्या पायऱ्या या एका प्रश्नाभोवती आहेत. नीट करायच्या तर दोन-तीन आठवडे लागतात. तेवढा वेळ नसेल तर तिसरी, सहावी आणि सातवी पायरी तरी सोडू नका.

१. आधी तारखा आणि अटी

एका कागदावर दोन रकाने करा. प्रवेश स्वीकारण्याची शेवटची तारीख, अनामत किती, नंतर नकार दिला तर त्यातलं काय परत मिळतं, वर्षाची फी किती हप्त्यांत, मधेच शाळा सोडली तर उरलेल्या वर्षाची फी भरावी लागते का. शेवटची अट करारात बारीक अक्षरांत असते आणि बहुतेक पालक ती गरज पडल्यावर वाचतात. शिष्यवृत्ती मिळाली असेल तर ती टिकवायला किती गुण लागतात आणि एका सत्रात घसरण झाली तर काय होतं, हेही लिहा.

मुदत अपुरी वाटली तर वाढवून मागा, पण लेखी मागा. शाळा नाही म्हणेल, यापलीकडे काही बिघडत नाही. त्या नकाराचा सूरही ध्यानात ठेवा. अडचणीत असलेल्या पालकाशी ही शाळा कशी बोलते, याचा तो पहिला नमुना असतो.

२. नावाचं वजन किती धरायचं

‘त्या शाळेत गेलं की आयुष्य मार्गी लागतं’ हे वाक्य निर्णयाच्या वेळी फार जड होतं. म्हणून त्याबद्दल संशोधन काय सांगतं ते आधीच बघून घ्या.

अब्दुलकादिरोग्लू, अँग्रिस्ट आणि पाठक या तीन अर्थशास्त्रज्ञांनी २०१४ साली बॉस्टन आणि न्यूयॉर्कमधल्या प्रवेश परीक्षेवर चालणाऱ्या नामांकित हायस्कुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. (यातल्या जोशुआ अँग्रिस्ट यांना २०२१ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.) त्यांची युक्ती साधी आणि हुशारीची होती. प्रवेशाच्या रेषेच्या किंचित वर राहून आत गेलेली मुलं आणि किंचित खाली राहून बाहेर राहिलेली मुलं यांची त्यांनी तुलना केली. एक-दोन गुणांचा फरक, म्हणजे मुलं जवळपास सारखीच; बदलली ती शाळा. पुढच्या परीक्षांतल्या गुणांवर शाळेचा म्हणावा असा परिणाम दिसला नाही. त्या शाळा सरकारी होत्या आणि आपण खासगी शाळांबद्दल बोलतोय, हे खरं. पण मुद्दा तोच राहतो. नामांकित शाळेचे निकाल भारी दिसतात, त्यात निवडून घेतलेल्या मुलांचा वाटा मोठा असतो. स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर या संशोधकांनी २००२ मध्ये विद्यापीठांबद्दल असंच काही मांडलं होतं. सारख्याच ठिकाणी अर्ज करून सारखेच प्रवेश मिळवलेले विद्यार्थी कमी नावाच्या संस्थेत गेले, तरी त्यांच्या पुढच्या कमाईत साधारणपणे फारसा फरक पडला नाही. गरीब घरांतून आलेले विद्यार्थी मात्र याला अपवाद होते. त्यांना निवडक संस्थेचा फायदा झाला. ज्या घरात आधीच ओळखी आणि माहिती आहे तिथे नावाची गरज कमी, जिथे नाही तिथे ती जास्त, असा मी त्याचा अर्थ घेते.

आमच्या प्रश्नाला सगळ्यांत जवळचा अभ्यास मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट मार्श यांचा. १९८० च्या दशकापासून ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा तपासत आले: सारखीच कुवत असलेली दोन मुलं, एक सर्वसाधारण शाळेत आणि एक अतिहुशार मुलांच्या शाळेत ठेवली, तर दुसऱ्याचं स्वतःच्या अभ्यासाबद्दलचं मत खाली जातं. मूल स्वतःला मोजतं ते शेजारच्या बाकावरच्या मुलाशी. नंतर २६ देशांतल्या विद्यार्थ्यांच्या माहितीवरही हाच कल दिसला.

याचा अर्थ सोपी शाळा निवडा असा नाही. दोन्ही शाळा चुरशीच्याच आहेत, तेव्हा हा परिणाम दोन्हीकडे होणार. तो झाल्यावर मुलाला कोण हात देतं, एवढाच फरक उरतो. नावाला मी शून्य वजन द्या म्हणत नाही. बरोबरी झाली तर ते कामी यावं, इतपत द्या.

३. शाळा बघण्याआधी मुलाचं टिपण

ही पायरी लोक गाळतात, कारण ‘आपलं मूल आपल्याला माहीत आहेच की’. आई एका कागदावर, बाबा दुसऱ्या कागदावर, मूल तिसऱ्या कागदावर, असं एकमेकांना न दाखवता लिहून बघा. मग कळतं, तिघांना तीन वेगळी मुलं माहीत आहेत.

मोठेपणी काय व्हायचं, ते यात लिहू नका. हे लिहा: एखादी गोष्ट समजली नाही तर मूल काय करतं? लगेच विचारतं, घरी येऊन विचारतं, की समजल्यासारखं दाखवून गप्प बसतं? हरल्यावर किती वेळात सावरतं? स्पर्धेने त्याला चेव येतो की पोटात गोळा येतो? नवीन मित्र जोडायला आठवडा लागतो की वर्ष? एका विषयात बुडून राहायला आवडतं की पाच गोष्टी अर्ध्या-अर्ध्या करायला? झोप किती लागते, आणि ती कमी पडली की घरात काय होतं?

आमच्याकडे तिघांच्या कागदांत सगळ्यांत मोठा फरक पहिल्या प्रश्नावर पडला. आम्ही दोघांनीही लिहिलं होतं, ‘न समजलं तर विचारते.’ तिने लिहिलं होतं, ‘बाकीच्यांना समजलं असेल तर विचारत नाही.’ हुशार मुलांनी भरलेल्या वर्गात बाकीच्यांना समजलंय असं रोजच वाटणार. त्या एका ओळीने पुढचा सगळा शोध वळला. वर्गात चुकीचं उत्तर दिलं तर काय होतं, हे आम्ही दोन्ही शाळांत बघायचं ठरवलं. हे तिन्ही कागद सांभाळून ठेवा. शेवटी लागतील.

४. माहितीपुस्तिकेतले आकडे

आकडे खोटे नसतात, निवडलेले असतात. प्रत्येक टक्केवारीला एकच प्रश्न विचारायचा: कितींपैकी?

एक कल्पित उदाहरण घेऊ. पहिल्या शाळेत सुरुवातीला १०० मुलं आली. वाटेत २० गळाली. उरलेल्या ८० पैकी ७२ जणांना हव्या तशा विद्यापीठात प्रवेश मिळाला. पुस्तिकेत छापून येतं, ९० टक्के. दुसऱ्या शाळेत १०० आली, ९६ टिकली आणि त्यांतल्या ७७ जणांना तसा प्रवेश मिळाला. छापून येतं, ८० टक्के. पुस्तिका शेजारी ठेवल्या तर पहिली शाळा सरस वाटते. पण आज तुमचं मूल दारातून आत शिरतंय, आणि दारातून शिरलेल्या शंभरांपैकी पहिल्या शाळेत ७२ तिथवर पोचले, दुसऱ्या शाळेत ७७. गळालेल्या सगळ्यांना शाळेने बाहेर काढलं असं नाही. कुणाच्या पालकांची बदली झाली असेल, कुणाला दुसरीकडे जायचं असेल. तरीही शाळेला सरळ विचारा: ‘तीन वर्षांपूर्वी पहिल्या वर्षात किती मुलं होती आणि त्यांतली किती आज शेवटच्या वर्षात आहेत?’ आकडा लगेच मिळाला तर उत्तम. विषय बदलला गेला तर तेही उत्तरच.

दुसरा फसवा आकडा म्हणजे विद्यार्थी-शिक्षक प्रमाण. ४०० मुलं आणि ४० शिक्षक, म्हणजे दहाला एक. वाटतं, वर्गात दहा मुलं असतील. पण शिक्षक दिवसभर सतत शिकवत नसतो. सात तासिकांपैकी तो चार घेत असेल, तर कोणत्याही एका वेळी वर्गावर साधारण २३ शिक्षक असतात आणि वर्ग होतो सतरा-अठराचा. त्या चाळीसांत ग्रंथपाल, क्रीडा प्रशिक्षक, प्रशासनातली माणसं धरून दहा जण वर्ग न घेणारे असतील, तर वर्ग तेवीसच्या आसपास जातो. म्हणून प्रमाण विचारू नका. ‘पहिल्या वर्षाच्या गणिताच्या वर्गात किती मुलं बसतात?’ असं विचारा. शेवटच्या वर्षाचे निवडक विषयांचे वर्ग छोटेच असतात आणि सरासरी खाली ओढतात.

सरासरी गुणांचंही तेच. वरची पाच-सहा मुलं सरासरी उचलून धरतात. मधल्या मुलाचे गुण किती, म्हणजे सगळे ओळीत उभे केले तर मध्यावर कोण, हे मागा. आणि कठीण परीक्षेला बसायची परवानगी सगळ्यांना आहे की निवडक मुलांना, हे विचारल्याशिवाय त्या परीक्षेच्या निकालाचं कौतुक करू नका.

५. विषय आणि वरच्या तुकडीचं दार

दोन्ही शाळांचे अभ्यासक्रम वेगळे असतील तर त्यांचा स्वभाव समजून घ्या. उदाहरणार्थ, आंतरराष्ट्रीय बॅकॅलॉरिएट, म्हणजे आयबी डिप्लोमा. त्यात सहा विषय, त्यांतले किमान तीन वरच्या पातळीवर, शिवाय ४००० शब्दांपर्यंतचा स्वतंत्र निबंध, ज्ञानमीमांसेचा, म्हणजे आपल्याला जे कळतं ते कसं कळतं याचा, अभ्यास आणि सर्जनशील काम, शारीरिक हालचाल व सेवा यांचा वेगळा भाग. एकूण ४५ गुणांपैकी डिप्लोमासाठी किमान २४ लागतात. ही सगळी मोट एकत्र बांधलेली आहे. भाषा आवडत नाही म्हणून सोडून देता येत नाही. याउलट अमेरिकी एपी, म्हणजे शाळेतच महाविद्यालयीन पातळीचे विषय शिकण्याच्या पद्धतीत विषय सुटे घेता येतात आणि प्रत्येकाला १ ते ५ अशी श्रेणी मिळते. सगळं थोडं थोडं आवडणाऱ्या मुलाला पहिली पद्धत मानवते, एकाच बाजूला झुकलेल्याला दुसरी.

मात्र अभ्यासक्रमाच्या नावापेक्षा मला एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. वरच्या तुकडीत कोण जाणार हे केव्हा ठरतं? काही शाळांत प्रवेशाच्याच उन्हाळ्यात एक चाचणी होते आणि तिच्यावर चारही वर्षांचं गणित ठरतं. त्या दिवशी मूल आजारी असलं तर? काही शाळांत दरवर्षी वर जायची वाट असते. विषय झेपला नाही तर किती आठवड्यांत सोडता येतो आणि त्याची नोंद कायमच्या गुणपत्रकावर राहते का, हेही इथेच विचारून घ्या.

६. एक पूर्ण दिवस, मुलासकट

खुल्या दिवशी शाळा म्हणजे लग्नघर असतं. सगळे इस्त्रीच्या कपड्यांत, सगळे हसतमुख. तो दिवस मोजू नका. एखाद्या साध्या मंगळवारी मुलाला तिथल्या विद्यार्थ्यासोबत दिवसभर वर्गात बसू द्या, अशी विनंती करा. पुष्कळ खासगी शाळा ही सोय देतात. दोन्ही शाळांत शक्यतो सारखेच विषय बघायला सांगा, नाहीतर एकीकडे चित्रकला आणि दुसरीकडे रसायनशास्त्राची चाचणी अशी तुलना होते.

मुलाला आधी सांगून ठेवा: पहिल्या बाकावर काय चाललंय ते सगळेच बघतात, तू शेवटच्या बाकावर बघ. कुणी चुकीचं उत्तर दिलं तर शिक्षक काय म्हणाले? बाकीचे हसले का? तासाभरात किती वेगवेगळी मुलं बोलली? तीच चार बोलली, की पंधरा? मधल्या सुट्टीत एकटं बसलेलं कुणी दिसलं का, आणि त्याच्याकडे कुणी गेलं का? गुणपत्रिका हातात पडल्यावर मुलांनी एकमेकांना पहिला प्रश्न काय विचारला?

शिकवण्याच्या पद्धतीचाही इथे विचार करा. १९३० मध्ये एडवर्ड हार्कनेस यांच्या देणगीतून अमेरिकेतल्या फिलिप्स एक्सेटर अकॅडमी या निवासी शाळेत लंबगोल टेबलाभोवती डझनभर मुलं आणि एक शिक्षक अशी चर्चेची पद्धत सुरू झाली. तिचं अनुकरण आज अनेक शाळा करतात. फारच सुंदर पद्धत आहे, बोलक्या मुलाला तर पर्वणीच. गप्प मुलाची ती एकतर कळी खुलवते किंवा त्याला रोज घाम फोडते, आणि यातलं काय होणार ते टेबलाशी बसलेल्या शिक्षकावर अवलंबून असतं. तुमचं मूल मितभाषी असेल तर तासाला उपस्थित राहून बघा: न बोलणाऱ्याला शिक्षक वाट करून देतात, की बोलण्याचे गुण कापतात?

तुम्ही स्वतः काय बघाल? भिंतीवर कुणाची कामं लावली आहेत: फक्त बक्षीसपात्र, की सगळ्यांची? शाळा सुटल्यावर शिक्षकांच्या खोलीबाहेर मुलं थांबलेली दिसतात का? आणि स्वच्छतागृह जरूर बघा. तिथे सजावट केलेली नसते.

घरी परतताना गाडीत लगेच ‘कशी वाटली?’ विचारू नका. मी विचारलं आणि ‘छान’ एवढंच उत्तर मिळालं. दोन दिवसांनी आपणहून बाहेर आलं ते खरं होतं.

७. कुणाला काय विचारायचं

मुख्याध्यापकांना शाळेचं तत्त्वज्ञान विचारू नका, ते पाठ असतं. त्यांना विचारा: ‘गेल्या वर्षी वर्गाच्या मधल्या फळीत असलेल्या एखाद्या मुलाबद्दल सांगाल का? नाव नको. तो काय शिकला, कुठे गेला?’ माझ्या मते या अख्ख्या लेखातला हा सगळ्यांत उपयोगी प्रश्न. एका शाळेत आम्हाला उत्तरादाखल पुन्हा एका पदकविजेतीची गोष्ट ऐकवण्यात आली. दुसऱ्या शाळेतल्या बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, एक मुलगा होता, गणितात कायम काठावर, पण नाटकाच्या प्रकाशयोजनेत रमायचा. त्याच्या भौतिकशास्त्राच्या सरांनी ते हेरलं… आणि मग दहा मिनिटं त्या त्याच्याबद्दलच बोलत राहिल्या. मधल्या मुलाला ओळखणारं कुणीतरी तिथे आहे, हे आम्हाला कळलं.

विषयशिक्षकांना विचारा, चाचणीत मूल नापास झालं तर पुढच्या आठवड्यात नेमकं काय होतं. कोण कुणाला कळवतं, पुन्हा परीक्षा देता येते का, जादा मदत शाळेच्या वेळेत मिळते की बाहेर शिकवणी लावावी लागते. हेच इतर पालकांनाही विचारा. वर्गातली बरीच मुलं खासगी शिकवणीला जात असतील, तर निकालाचं श्रेय नक्की कुणाचं, असा प्रश्न पडतो. शिवाय तो खर्च तुमच्या फीच्या हिशेबात नसतो.

समुपदेशक किती मुलांमागे एक आहे? अमेरिकेतल्या शालेय समुपदेशकांच्या संघटनेची शिफारस २५० मुलांमागे एक अशी आहे. खासगी शाळेकडून त्याहून बरं असावं अशी अपेक्षा ठेवायला हरकत नाही. समुपदेशक विद्यापीठाच्या अर्जांचंच काम करतात की रडू आलेलं मूल त्यांच्याकडे जाऊ शकतं, हेही विचारा. हा नाजूकपणाचा प्रश्न नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींच्या २०१९ च्या एका अहवालात अतिशय यशस्वी, चुरशीच्या शाळांतल्या मुलांना ताणाच्या दृष्टीने जोखमीतल्या गटांमध्ये धरलं गेलं. त्यामागे मानसशास्त्रज्ञ सुनिया लूथर यांचं अनेक वर्षांचं काम होतं. चिंता, नैराश्य आणि व्यसनं यांचं प्रमाण अशा शाळांत जास्त आढळतं, हे त्यांनी वारंवार दाखवलं होतं. तेव्हा ‘आमच्याकडे असं काही नाही’ म्हणणाऱ्या शाळेपेक्षा ‘आमच्याकडेही होतं, आणि आम्ही असं असं करतो’ म्हणणारी शाळा मला जास्त विश्वासाची वाटते.

पालकांशी बोलताना शाळेने दिलेल्या यादीवर थांबू नका. त्या यादीत नाराज माणूस सापडणार नाही. दुसऱ्या वर्षातल्या मुलांचे पालक शोधा. पहिल्या वर्षातले अजून भारावलेले असतात आणि शेवटच्या वर्षातले फक्त प्रवेश अर्जांबद्दल बोलतात. शाळा मधेच सोडलेलं एक घर मिळालं तर सोनंच. मात्र त्यांचं ऐकताना तो एका बाजूचा अनुभव आहे हे लक्षात असू द्या, आणि ‘कोणत्या प्रकारच्या मुलाला तिथे जमलं असतं?’ हा प्रश्न शेवटी विचारा.

८. चोवीस तासांचा हिशेब

आता कागद घ्या आणि प्रत्येक शाळेचा एक साधा दिवस मांडा. समजा झोप ९ तास, शाळा साडेसात, जाणं-येणं मिळून १ तास ४० मिनिटं, गृहपाठ ३ तास, खेळाचा सराव दीड तास. बेरीज २२ तास ४० मिनिटं. उरली ८० मिनिटं. त्यात आंघोळ, जेवण, मित्राचा फोन आणि निवांत छताकडे बघत पडणं बसवून दाखवा. बसत नाही, मग काय कापलं जातं? नेहमी झोपच.

अमेरिकन निद्रावैद्यक अकादमीने २०१६ मध्ये १३ ते १८ वयासाठी ८ ते १० तास झोप सांगितली आहे. या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, लवकर झोप येत नाही. ‘लवकर झोप म्हणजे लवकर उठशील’ हा उपदेश म्हणूनच फुकट जातो. अमेरिकन बालरोग अकादमीने २०१४ मध्ये या वयाच्या शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरू नयेत, अशी शिफारस केली. दोन्ही शाळांची पहिली घंटा किती वाजता होते ते बघा आणि त्यातून प्रवासाचा वेळ वजा करा.

प्रवास तर हमखास कमी लेखला जातो. एक शाळा पंधरा मिनिटांवर, दुसरी पन्नास मिनिटांवर. रोजचा फरक ७० मिनिटं. १८० दिवसांच्या शालेय वर्षात तो २१० तास होतो, म्हणजे आठ तासांची एक रात्र धरली तर वर्षाला सव्वीस रात्री. लांबची शाळा घेऊच नये असं नाही, पण ती या सव्वीस रात्रींच्या बदल्यात काय देते ते सांगता आलं पाहिजे. गर्दीच्या वेळी एकदा स्वतः जाऊन या.

गृहपाठाबद्दल शाळेपेक्षा मुलांचं ऐका. संशोधक हॅरिस कूपर यांनी २००६ मध्ये सहकाऱ्यांसह घेतलेल्या आढाव्यानुसार हायस्कूलमध्ये गृहपाठाचा उपयोग होतो, पण रोज दोन तासांच्या आसपास त्याचा फायदा थांबल्यासारखा होतो. ‘आमच्याकडे रोज चार तास लागतात’ हे काही पालक अभिमानाने सांगतात. मला त्यात अभिमानासारखं काही दिसत नाही.

९. पैसा

चार वर्षांचा एकत्र हिशेब करा. पहिल्या वर्षीची फी १०० धरली आणि ती दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढली, तर चौथ्या वर्षी ती ११९ होते आणि एकूण बेरीज ४०० ऐवजी ४३७. गेल्या पाच वर्षांत फी किती वाढली ते शाळेला विचारा.

शिष्यवृत्ती ठरावीक रकमेची की टक्क्यांत, हा फरक मोठा. फी १०० असताना ४० ची ठरावीक शिष्यवृत्ती असेल तर तुमचे ६० जातात. चौथ्या वर्षी फी ११९, शिष्यवृत्ती तेवढीच, म्हणजे तुमचे ७९. फी वाढली १९ टक्क्यांनी, तुमचा भार वाढला जवळजवळ ३२ टक्क्यांनी. टक्क्यांतली शिष्यवृत्ती असती तर तो साडेएकाहत्तरवर थांबला असता.

बाकी गणवेश, बस, सहली, परीक्षा शुल्क, लॅपटॉप, वर्गणी. ही यादी शाळेपेक्षा पालक नीट सांगतात.

१०. मुलाचं मत किती धरायचं

आमच्या घरात ठरलेला नियम: मुलाच्या ‘हो’ला एक मत, मुलाच्या ‘नाही’ला नकाराधिकार. या वयाच्या मुलाला नको असलेल्या शाळेत घालून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही. पण ‘हो’ कशामुळे आहे ते खोदून बघावं लागतं. एक जिवलग मैत्रीण तिथे चाललीय, हे कारण क्षुल्लक नाही, मात्र ती मैत्रीण वेगळ्या तुकडीत गेली तरीही शाळा आवडेल का, एवढं विचारा.

एक युक्ती चालते. दोन दिवस सगळ्यांनी पहिली शाळा नक्की झालीय असं समजून वागायचं: सकाळचं वेळापत्रक बोलायचं, बसचा मार्ग बघायचा, नातेवाइकांना मनातल्या मनात सांगून टाकायचं. पुढचे दोन दिवस दुसरी शाळा. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी सकाळी मुलगी नाश्त्याला आली तेव्हा तिचा चेहराच सैल झाला होता. तिने तोवर एकदाही ‘मला ती हवी’ असं म्हटलं नव्हतं.

११. निर्णय

गुणांचा तक्ता करायचा तर जरूर करा, पण आधी वजनं ठरवा आणि मगच गुण भरा. उलट केलं की माणूस नकळत वजनं हलवत बसतो आणि हवी ती शाळा जिंकवतो. तुम्ही स्वतःला तसं करताना पकडलंत, तर तक्ता फाडून टाका. तुम्हाला काय हवंय ते कळलेलं आहे. आता ते का हवंय तेवढं तपासा. कारण तुमच्या टिपणांमधल्या मुलाशी जुळतं की तुमच्या स्वतःच्या राहून गेलेल्या शाळेशी?

आई-बाबांचं एकमत होत नसेल तर ‘कोणती चांगली’ यावर भांडू नका. तिसऱ्या पायरीचे कागद समोर ठेवा आणि मुलाच्या सगळ्यांत कमकुवत जागेवर बोट ठेवा. ती जागा कोणती शाळा सांभाळेल, यावर बहुधा मतभेद होत नाहीत.

ठरलं की होकार त्याच दिवशी पाठवा आणि दुसऱ्या शाळेला नकारही लगेच कळवा. दोन ओळी पुरतात: आभार, आणि जागा सोडत असल्याचं स्पष्ट वाक्य. प्रतीक्षायादीवरचं एक घर त्या जागेसाठी फोनकडे डोळे लावून बसलेलं असतं. तिथे भेटलेल्या एखाद्या शिक्षकांनी खरंच वेळ दिला असेल तर त्यांना वेगळं लिहा. पुढे कधी ते दार ठोठवावं लागलं तर ओळख राहते.

मग दिनदर्शिकेत पहिल्या सत्राच्या शेवटानंतरची एक तारीख घाला आणि शाळा बदलण्याचा विचार कशामुळे कराल, ते आजच लिहून ठेवा. आम्ही तीन गोष्टी लिहिल्या होत्या: सलग तीन आठवडे सात तासांपेक्षा कमी झोप, एकही मैत्रीण नसणं, आणि न समजलेलं विचारायचं पूर्ण बंद होणं. कमी गुण त्या यादीत नव्हते. यादी, तिघांची टिपणं आणि प्रवेशाचं पत्र एका पाकिटात घालून खणात ठेवलं. त्या तारखेला पाकीट उघडलं तेव्हा गणितात ती वर्गाच्या बरोबर मध्यावर होती, आणि दर गुरुवारी शाळा सुटल्यावर सरांच्या खोलीबाहेर रांगेत उभी राहत होती.